आमच्या व्यायामवर्गाची हकीकत

स्मरणिकेत यशाच्या गोष्टी पुष्कळ येतात, आणि त्या याव्यातच. शिवणवर्ग, बालवाडी, भजनी मंडळ ह्यांचे वृत्तान्त इतर भगिनी लिहितीलच. मला मंडळाचा जुना इतिहास लिहावयास सांगितले, तेव्हा मी मुद्दाम एका न चाललेल्या कामाची हकीकत निवडली. ते काम म्हणजे १९८२ सालचा आपला स्त्रियांचा व्यायामवर्ग. तो माझ्या हट्टाने सुरू झाला आणि बव्हंशी माझ्याच चुकीने बंद पडला.

हट्टाला कारण होते. माझ्या आईचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. ते स्वतः नेमाने नमस्कार घालीत, आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी मुलामुलींनाही ते लावून दिले. नमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. आई म्हातारपणीही पदर खोचून बारा नमस्कार घाली, आणि मग चहाला आधण ठेवी. स्त्रियांना व्यायाम कशाला, असे कोणी म्हटले की मला आईच आठवत असे.

त्या काळी महाराष्ट्रात व्यायामाचे वारेच वाहत होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम ही दोन्ही १९२४ ची. शाळेत शिकविताना हा इतिहास मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. त्यातली एक साधी गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आखाड्यात जाणाऱ्याचे आणि शाळेत नमस्कार घालणाऱ्याचे जेवण घरी दुसरे कोणीतरी रांधीत असे.

१९८२ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वर्गाची कल्पना मांडली. एका बैठकीत बेचाळीस नावे आली! रथसप्तमी हा सूर्याचा दिवस, म्हणून तो मुहूर्त धरला, आणि वेळ ठरविली सकाळी सहाची. माझी शाळा दुपारची, घरी सासूबाई स्वयंपाकाला खंबीर. मला ती वेळ सोयीची होती. दुसऱ्या कोणाला मी विचारलेच नाही. फेब्रुवारीच्या आरंभी सहाला उजाडलेलेही नसते, हेही सूर्यनमस्कार शिकवावयास निघालेल्या मला सुचले नाही.

मध्यंतरी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आपल्या भागातले भोंगे थांबले. मी मनाशी हिशेब केला, आता पहिल्या पाळीचे डबे नाहीत, तेव्हा बायकांना सकाळ मोकळीच मोकळी. संप लांबेल असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते.

पहिल्या दिवशी एकतीसजणी आल्या. पंधरवड्यात पंधरा उरल्या, महिनाअखेर नऊ. मला राग येऊ लागला. शाळेतली सवय, मी मंडळाच्या फळ्यावर गैरहजर भगिनींची नावे लिहू लागले. त्याचा परिणाम एवढाच झाला की ज्या अधूनमधून येत होत्या त्याही थांबल्या. गुढीपाडव्याला आम्ही चौघी होतो. एप्रिलात वर्ग बंद केला, आणि इतिवृत्तात मी लिहिले, “सभासदांच्या अनास्थेमुळे.” ते वाक्य माझ्या अक्षरात अजून वहीत आहे.

त्याच वर्षी गौरींच्या जागरणाला मंडळाच्या त्याच खोलीत फुगड्या, झिम्मा, पिंगा रंगला. ज्यांना मी अनास्थेच्या म्हटले त्या दोन दोन तास घामाघूम होऊन खेळत होत्या. त्यांत मागच्या चाळीतल्या एक वहिनी होत्या. पहिले अकरा दिवस न चुकता आल्या होत्या, आणि मग त्यांचेही नाव फळ्यावर चढले होते. त्यांच्याइतकी चपळ फुगडी त्या रात्री कोणी घातली नाही. मी जवळ जाऊन विचारले, “वहिनी, एवढा दम आहे, मग वर्ग का सोडलात?”

त्या म्हणाल्या, “बाई, माझ्याकडे आठ गडी जेवायला होते. संप लांबला तसे ते गावी निघून गेले. ह्यांचाही पगार बंद. मी पहाटे दादरला दोन घरच्या पोळ्या धरल्या. सहाला मी तिथं पोचलेली असते.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “मला वाचता येत नाही. फळ्यावरचं नाव माझ्या मुलीनं मला वाचून दाखवलं.”

ती मुलगी माझ्याच वर्गात होती. मला काय बोलावे ते सुचेना. मी हात जोडले, एवढेच.

खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. म्हणजे ह्या कष्टांची गोष्ट मला ठाऊक नव्हती असे मी म्हणू शकत नाही. ठाऊक होती, पण वेळ ठरविताना मी ती बाजूला ठेवली होती.

पुढे वाचनात आले की लंडनमध्ये १९३० साली मेरी बॅगट स्टॅक नावाच्या बाईंनी स्त्रियांचा व्यायामसंघ काढला होता. त्या पूर्वी हिंदुस्थानात राहून काही आसने शिकून गेल्या होत्या. कचेऱ्यांत काम करणाऱ्या मुलींना परवडेल अशी अल्प फी त्यांनी ठेवली, आणि काम सुटल्यावर संध्याकाळी वर्ग भरविले. थोड्याच वर्षांत त्यांच्या सभासदांची संख्या लाखाच्या वर गेली. वाचताना मला माझा सकाळी सहाचा वर्ग आठवला.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा वर्ग काढला. या खेपेला घरोघर विचारून. वेळ दुपारी तीनची, आठवड्यातून दोनदा. आरंभी चार नमस्कार, मग फुगडी आणि झिम्मा. फळा पुसून ठेवला. कधी आठजणी, कधी अकरा. बेचाळीसचे स्वप्न पुरे झाले नाही. वहिनी मात्र सवड मिळेल तेव्हा येत. तो वर्ग तीन वर्षे चालला.

आता गिरण्या गेल्या, तिथे मनोरे उभे राहिले. आपल्या सभासदांत नोकरी करणाऱ्या आहेत, नातवंडे सांभाळणाऱ्या आहेत, आणि पहाटे परक्या घरी पोळ्या करणाऱ्या आजही आहेत. यंदा मंडळ योगवर्ग काढणार असे ऐकते. कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. नावांचा कागद फिरवाल तेव्हा प्रत्येक नावाशेजारी सोयीच्या वेळेचा एक रकाना ठेवा, आणि जिला लिहिता येत नसेल तिला तोंडी विचारून तो भरा. माझे नाव घालाच. माझी वेळ मात्र सर्वांत शेवटी विचारा.