स्वान समिती आणि मेंढवाडा

पशुपालनातील प्रतिजैविकांवर ब्रिटनने घातलेल्या निर्बंधांच्या इतिहासात डुक्कर, कोंबडी आणि वासरू यांचा उल्लेख पदोपदी येतो, मेंढीचा क्वचितच. १९५३ च्या कायद्याने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात पेनिसिलीन मिसळण्याची मुभा दिली, ती डुकरे व कोंबड्या यांच्यापुरती होती. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पचन पोटातील सूक्ष्म जीवांवरच अवलंबून असते. त्याच्या चाऱ्यात जंतुघ्न द्रव्य मिसळण्यात लाभापेक्षा धोका अधिक.

१९५९ मध्ये जपानी संशोधकांनी औषधप्रतिकार एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे संक्रांत होतो, असे दाखविले. पुढे लंडनच्या ई. एस. अँडरसन यांनी वासरांतील साल्मोनेला जंतूंचा माग काढून हा धोका माणसापर्यंत पोहोचत असल्याचे प्रतिपादिले. १९६८ मध्ये मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व नोव्हेंबर १९६९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोगोपचारात उपयुक्त असलेली प्रतिजैविके पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून खाद्यात मिसळू नयेत, हा त्याचा गाभा होय. शिफारस योग्यच होती. परंतु चिठ्ठी मिळाल्यानंतर औषध आजारी जनावरास दिले जाते की निरोगी, या प्रश्नाची धार तिने बोथट केली.

मेंढवाड्यात प्रतिजैविक शिरले ते खाद्याच्या पोत्यातून नव्हे, औषधाच्या पिचकारीतून. नवजात कोकरांना ‘वॉटरी माउथ’ नावाचा रोग होतो. जन्मानंतर एकदोन दिवसांत कोकरू मलूल होते, तोंडातून लाळ गळते, पोट फुगते आणि बहुधा ते दगावते. याचे कारण घाणेरड्या अंथरुणातून वा मळक्या आचळांतून पोटात गेलेले कोलाय जीवाणू. नवजात कोकराच्या जठरात त्यांना मारण्याइतकी आम्लता नसते. आतड्यात ते वाढतात, मरतात आणि त्यांचे अंतर्विष रक्तात भिनते. यावरील खरे संरक्षण म्हणजे चीक. पहिल्या सहा तासांत दर किलो वजनास ५० मिलिलिटर चीक पोटात जावा, असा दंडक आहे. परंतु जुळी-तिळी कोकरे, रोडावलेली मेंढी आणि रात्रभर जागलेला मेंढपाळ अशा स्थितीत तो पाळणे कठीण. म्हणून जन्मताच प्रत्येक कोकराच्या तोंडात स्पेक्टिनोमायसीनची एक मात्रा सोडण्याची वहिवाट पडली. मेंढपाळास दोष देणे सोपे आहे. मेलेले कोकरू मात्र त्यालाच उचलावे लागते.

वहिवाटीचे फळ अपेक्षितच होते. आजारी कोकरांतून मिळालेल्या कोलाय जीवाणूंत या औषधास दाद न देणारे प्रकार आढळू लागले. म्हणजे ज्या वाड्यात स्वच्छतेची उणीव औषधाने भरून काढली जात होती, तेथेच औषध निकामी होण्याचा धोका अधिक. २०१७ मध्ये शेतीतील औषधांच्या जबाबदार वापरासाठी झटणाऱ्या ‘रूमा’ या संघटनेने मेंढपालनातील उद्दिष्टे जाहीर केली, तेव्हा गर्भपात व लंगडेपणा यांच्याबरोबर नवजात कोकरांना सरसकट दिली जाणारी मात्राही त्यांत आली. पशुवैद्य पुन्हा चीक, कोरडे अंथरूण आणि मेंढीचा गाभणकाळातील आहार यांविषयी बोलू लागले. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती.

ग्रेट ब्रिटनमध्ये नित्यक्रम म्हणून अथवा अस्वच्छता व निकृष्ट संगोपन झाकण्यासाठी प्रतिजैविके देण्यास कायद्याने मनाई झाली ती १७ मे २०२४ रोजी. स्वान अहवालास तेव्हा चोपन्न वर्षे उलटून गेली होती.