राजवाड्यातील शाळा

शाळेच्या इमारतीचा इतिहास दगडविटांइतकाच तिच्या दप्तरातही सापडतो. साताऱ्याचा जुना राजवाडा पहा. प्रतापसिंह महाराजांच्या या वाड्याचे चौक, दालने व लाकडी खांब दरबारास साजेसे. इंग्रजांनी १८३९ साली महाराजांस पदच्युत करून काशीस धाडिले व १८४८ साली राज्यही खालसा केले. पुढे याच वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील पटावर, १९१४ व्या अनुक्रमांकास, इंग्रजी पहिलीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झाले. दार उघडले, परंतु भेद सरला नाही. अस्पृश्य म्हणून वर्गात वेगळ्या तरटावर बसावे लागे आणि शिपायाने पाणी दिले तरच तहान भागे, असे बाबासाहेबांनी आपल्या शाळकरी दिवसांविषयी लिहून ठेविले आहे. पुढे तेच राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, व त्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

२०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळेची थोरवी खांबांच्या उंचीवरून ठरवू नये. पटावरील प्रत्येक मुलास आत कोठे बसविले जाते, त्यावरून ठरवावी.