दुष्काळांतील बैलजोडी

दुष्काळांत माणसें किती दगावलीं याची नोंद सरकारी दप्तरांत सांपडते. परंतु जीं वांचलीं त्यांच्या गोठ्यांत काय उरलें, हें क्वचितच विचारलें जातें. बैल विकून उन्हाळा काढणाऱ्या कुणब्याची जमीन मृगाच्या सरी येऊनही पडीकच राहते. पुढील वर्षीं तो दुसऱ्याच्या शेतांत मजूर असतो.

१८७६-७८ च्या दुष्काळांत मुंबई सरकारनें मदतीचीं कामें काढलीं खरीं; पण मजुरी इतकी कापली कीं १८७७ च्या जानेवारींत हजारों मजूर कामें सोडून गेले. पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशनमुळें 'फॅमिन कोड' झाला. पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याची सोयही होती. पण ती कुणब्यास सांगणार कोण? १८९६ सालीं तें काम लोकमान्य टिळकांनीं अंगावर घेतलें. गुरेंढोरें विकून सारा भरूं नका, असें 'केसरी'नें बजावलें. सार्वजनिक सभेचे प्रचारक ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत गांवोगांव फिरले. मांडवा ज्या अलिबाग तालुक्यांत आहे, तो त्या वेळीं कुलाब्यांतच मोडत असे. पावसाच्या या किनाऱ्यावरही भात करपलें कीं साऱ्याची धास्ती देशावरच्यासारखीच! सरकारास हें रुचलें नाहीं. १८९७ च्या मार्चांत त्यानें सभेची मान्यता काढून घेतली.

१९७२-७३ च्या अवर्षणांत चित्र पालटलें. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. गुरें पुष्कळ मेलीं व विकलीं गेलीं; जमिनी मात्र बहुतांशीं मूळ धन्याकडेच राहिल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस पुढें कायद्याचें रूप आलें व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. खर्चासाठीं १९७५ पासून व्यवसाय कर बसला होता. मांडव्याहून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबईचा पगारदार असा माणदेशच्या मजुराचा भागीदार झाला.

तरीही मजुरी महिनोन् महिने थकली कीं सावकाराचा उंबरठा चुकत नसे. शिवाय फोडलेली खडी रस्त्याला जाई, मजुराच्या घरीं कांहीं येत नसे. ही उणीव १९९० नंतर योजनेशीं जोडलेल्या फळबाग लागवडीनें कांहीं अंशीं भरून काढली: अल्पभूधारकानें स्वतःच्याच वरकस जमिनींत खड्डे खणावे, आंबा-काजूचीं कलमें लावावीं, मजुरी सरकारनें द्यावी, आणि झाड मात्र त्याचें राहावें.