चाकवत आणि बथुआ

हिवाळ्यात तुमच्या घरी चाकवताची ताकातली भाजी होत असेल, तर बाजारात ती कोणत्या नावाने मागता ते आठवून पाहा. ग्वाल्हेर-इंदुरात ‘बथुआ’, वडोदऱ्यात ‘चील’. आणि घरी पातेल्यात पडली की ‘चाकवत’. एकाच पाल्याच्या या नावांत आपल्या स्थलांतराचा इतिहास आहे.

‘बथुआ’ हे नाव संस्कृत ‘वास्तूक’ शब्दापासून आले. चरकसंहितेतही ही भाजी येते, पोट साफ करणारी म्हणून. म्हणजे आपले पूर्वज उत्तरेत गेले, तेव्हा तिथे ती फार जुनी होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला स्थिरावली, तेच पुढे लष्कर झाले. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदुरास आली. गायकवाड त्याआधीच गुजरातेत रुजले होते. फौजेमागून कारकून, भिक्षुक आणि त्यांची कुटुंबे आली.

देशावर चाकवत वाफ्यात पेरतात आणि जुड्या बांधून विकतात. उत्तरेत तोच पाला गव्हाच्या शेतात तण म्हणून आपोआप उगवतो. तिथले लोक त्याचा साग, पराठे, रायते करतात. आपल्या घरांत मात्र तो शिजवून घोटायचा, ताक व डाळीचे पीठ लावायचे, हरभऱ्याची डाळ घालायची आणि वरून लसणीची फोडणी द्यायची, ही रीत टिकली. दप्तरांत मोहिमा, तह, सरंजाम यांच्या नोंदी सापडतात. ही रीत इतक्या दूर नेणाऱ्या बायकांची नावे त्यांत शोधू नका. त्यांची नोंद या भाजीतच आहे.

ती आता पुसट होते आहे. गव्हावर मारलेल्या तणनाशकाने बथुआ मरतो. आणि घरातही नातवंडे ‘बथुआ’च म्हणतात. नाव गेले की मागोमाग ताकातली रीतही जाते.

उपाय अवघड नाही. कार्तिकात कुंडीत बी विखरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या. रोपे वीतभर झाली की कोवळे शेंडे खुडा. एक झाड बियांसाठी राखा. फवारणी झालेल्या शेतातला पाला मात्र आणू नका. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना ताक केव्हा घालायचे ते विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. वर नाव घाला: चाकवत.