मानलेल्या बहिणी, सख्ख्या बहिणी

दुसऱ्या महायुद्धानंतर जगात एक नवीच सोयरीक रूढ झाली, गावाची गावाशी. दोन देशांतली दोन शहरे करारावर सह्या करतात आणि एकमेकींच्या ‘भगिनी’ होतात. मग महापौरांची शिष्टमंडळे जातात, शाळकरी मुलांची ये-जा होते, व्यापाराची बोलणी होतात. जपानमध्ये असे नाते पहिल्यांदा जोडले नागासाकीने, डिसेंबर १९५५ मध्ये, आणि तेही अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराशी. अणुबाँब पडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती!

१९६५ साली योकोहामा बंदराने मुंबईशी आणि फिलिपिन्समधल्या मनिलाशी हे नाते जोडले. वर्ष एकच, पण या दोघींची पूर्वपीठिका अगदी निराळी.

मुंबईचा जपानशी संबंध कापसाचा. इकडचा कापूस मुंबईच्या गोदीतून जपानी गिरण्यांकडे जाई. इंग्रजी बोटकंपन्यांचे चढे भाडे परवडेना, तेव्हा १८९३ मध्ये जमशेटजी टाटा स्वतः जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कंपनीशी बोलणी करून मुंबई-जपान बोटी सुरू करवल्या. योकोहामात हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात ते शहर जमीनदोस्त झाले, त्यात आपलेही लोक गेले. वाचलेल्यांना गावकऱ्यांनी हात दिला. त्याची उतराई म्हणून तिथल्या हिंदी लोकांनी १९३९ मध्ये यामाशिता बागेत घुमटाखाली पाण्याचे कारंजे बांधले. ते आजही उभे आहे. ती बागसुद्धा भूकंपाचा ढिगारा समुद्रात लोटून केलेल्या जमिनीवर आहे.

मनिलाची गोष्ट रक्ताची. फेब्रुवारी-मार्च १९४५ मधल्या लढाईत तिथले सुमारे एक लाख नागरिक मेले, कुणी जपानी सैनिकांच्या कत्तलीत, कुणी अमेरिकन तोफांखाली. भारताने १९५२ च्या तहात जपानकडून युद्धाची भरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. फिलिपिन्सने सोडला नाही. मे १९५६ मध्ये ५५ कोटी डॉलरचा करार झाला, तेव्हा कुठे दोन्ही देशांचे रीतसर संबंध जुळले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. हिशेब ठरल्यावरच मनिला योकोहामाची बहीण झाली.

१९५६ हे आपल्याही हिशेबाचे साल. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटले गेले आणि त्यात आपला बीदर जिल्हाही वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. झहिराबाद, नारायणखेड आंध्रात. झहिराबाद तालुक्यातले निर्णा सर्कल तेवढे इकडे राहिले. ते मन्नाएखेळ्ळीच्या शेजारचेच, म्हणजे रेघ किती जवळून गेली पाहा. या सख्ख्या बहिणींच्या ताटातुटीला मात्र कुणी भगिनीकरार केला नाही.

गंमत अशी, की मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात जुन्या निजामी मुलखाच्या तिन्ही वाट्यांना एकदम चिनी बहिणी मिळाल्या. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) दुनहुआंग, हैदराबादला छिंगदाओ आणि आपल्या कर्नाटकाला अख्खा सिचुआन प्रांत. यातली दुनहुआंगची जोडी मला खरी वाटते. अजिंठ्यासारखीच तिथेही डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, भिंतींवर तशीच चित्रे. भिक्षू आणि व्यापारी ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांनी ही कलाही गेली. बाकीच्या दोन जोड्या मुत्सद्द्यांनी जुळवलेल्या. पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, गलवानला दोन्हीकडचे जवान मारले गेले.

इकडे विकाराबाद-परळी रेल्वे झहिराबाद, बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर अशी तिन्ही राज्यांना शिवत जाते. दिवाळीच्या दिवसांत त्या गाडीत मुऱ्हाळी असतात, लेकुरवाळ्या माहेरवाशिणी असतात, आणि एकाच बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चाललेली असते.