गोष्ट कोणत्या काळची?

पहिलटकरीण लेक माहेरी आली की बायांची ये-जा सुरू होते. बोलता बोलता गोष्टी निघतात. अमकीचं मूल आडवं आलं, तमकी बाळंतपणात गेली. सांगणारी चहा पिऊन निघून जाते, लेक मात्र रात्रभर जागी. "काही होत नाही गं, आम्ही नाही का बाळंत झालो?" असं आपण म्हणतो. तेवढ्यानं भीती जात नाही, कारण त्या गोष्टी बहुतेक खऱ्याच असतात. त्या कोणत्या काळच्या, एवढं मात्र विचारायचं राहून जातं.

एक लांबची हकिकत सांगते. युरोपातल्या व्हिएन्ना शहरात एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. डॉक्टरांच्या विभागात १८४६ साली शंभरातल्या अकराहून जास्त बाया बाळंतपणानंतरच्या तापाने गेल्या. सुईणींकडे मृत्यू पुष्कळ कमी होते. शहरातल्या बायांना हे ठाऊक होतं. "आम्हाला सुईणींकडे ठेवा," म्हणून त्या पाया पडत. बाया घाबरतात म्हणूनच ताप येतो, असंही काही जाणते म्हणायचे!

सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने कारण शोधलं. शिकाऊ डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली तिथले मृत्यू शंभरी सव्वावर आले. म्हणजे बायांची भीती वेडी नव्हती. तिच्यामागचं कारण सापडलं आणि उपायही मिळाला.

आपल्याकडे पाचवीला सटवाईची पूजा करतात, रात्र जागवतात. त्या जागरणामागे त्या दिवसांची धास्तीही असणार. नाळ अस्वच्छ विळ्याने कापली, की बाळाला धनुर्वात होई आणि थोड्याच दिवसांत बाळ जाई. पुढे गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळू लागलं, नाळ स्वच्छ पात्याने कापू लागले. २०१५ साली भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं.

महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात एक लाख जन्मांमागे १४९ आया दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये हा आकडा ३३ झाला. तेहतीस म्हणजे शून्य नव्हे, म्हणून तपासणी चुकवायची नाही. रक्तस्राव, ताप, फार डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. १०८ ला फोन लावा.

मग लेकीशी बोलायचं कसं? तिला गप्प करू नका. "तू काय ऐकलंस, सांग," म्हणा. मग दोघी मिळून त्या गोष्टीला प्रश्न विचारा. हे कधी घडलं? दवाखाना किती लांब होता? गाडी मिळाली का? आज तसं झालं तर आपण काय करू? उत्तर येत नसेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा. गाडी कोणाची, पैसे कुठे ठेवले, रक्त लागलं तर कोण देईल, हे आधीच ठरवा. तयारी डोळ्यांनी दिसली की धीर येतो. तरीही झोप, जेवण तुटलं असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

आणखी एक. पूर्वी कळा देताना पाठ चोळायला घरची बाई जवळ असे. दवाखान्यात ती दाराबाहेर राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई त्यासाठी चालते. आपल्या दवाखान्यात त्याचे काय नियम आहेत, ते सातव्या महिन्यातच विचारून ठेवा आणि लेकीला सांगा, "मी तुझ्याजवळ राहावं म्हणून विचारून आले आहे."