बेळगाव की पुणे? कायद्याच्या शिक्षणाची एक सीमाकथा

पदवीचे निकाल लागले, की सीमाभागातील अनेक मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला वकील व्हावयाचे आहे; मग प्रवेश बेळगावात घ्यावा, की पुण्यास पाठवावे? वडीलधारी मंडळी खर्चाचा हिशेब मांडतात, मुले वसतिगृहांची चौकशी करतात. परंतु या निवडीला एक इतिहासही आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून केलेली निवड अपुरी राहते, असे आम्हांस वाटते.

एकेकाळी या प्रश्नात भाषेचा वा राज्याचा संबंध फारसा नव्हता. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले व जगन्नाथ रघुनाथ घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य झाले. कोल्हापुरात १९३३ मध्ये शहाजी विधी महाविद्यालय सुरू झाले. धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचे लॉ कॉलेज या दोन्ही ठिकाणी शिकलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. धारवाडहून पुण्यास जाणे हे त्या काळी एका इलाख्यातील एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे होते.

बेळगावात ही सोय झाली ती १९३९ मध्ये. कर्नाटक लॉ सोसायटीने काढलेल्या या महाविद्यालयास वंटमुरीचे राजा लखमगौडा यांचे नाव लाभले. हे महाविद्यालय केवळ जिल्ह्यापुरते राहिले नाही. केरळात जन्मलेले के. के. वेणुगोपाळ येथेच कायदा शिकले व पुढे देशाचे महान्यायवादी झाले. १९८९ मध्ये सरन्यायाधीशपदी बसलेले ई. एस. वेंकटरामय्या यांनी तर पुणे व बेळगाव या दोन्ही ठिकाणी कायद्याचे शिक्षण घेतले. आज परस्परविरोधी भासणारे हे दोन पर्याय त्यांच्या विद्यार्थिदशेत एकाच वाटेवरचे दोन मुक्काम होते.

ही वाट दुभंगली ती दोन टप्प्यांत. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ व कर्नाटक विद्यापीठ ही दोन्ही स्थापन झाली आणि आजवर मुंबई विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली असलेली पुण्याची व बेळगावची महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांत गेली. राज्याची सीमा आखली जाण्यापूर्वी सात वर्षे परीक्षेची सीमा अशी आखली गेली होती. त्या वेळी कितीजणांना तिचा अर्थ उमगला असेल, कोण जाणे.

दुसरा टप्पा १ नोव्हेंबर १९५६ चा. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मुंबई उच्च न्यायालयाकडे पाहणाऱ्या येथील वकिलाला आता बंगळूरकडे पाहावे लागले. गंमत अशी, की बेळगावाहून मुंबई आणि बंगळूर ही दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. अंतर तेवढेच राहिले. बदलली ती भाषा व ओळखीची माणसे. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ अन्वये मुंबई राज्याचे जुने कायदे लगेच रद्द झाले नाहीत, ते नव्या राज्याने बदलेपर्यंत चालू राहिले. त्यामुळे मुंबईच्या कायद्यात मुरलेल्या वकिलांची उपयुक्तता काही काळ टिकली. पुढे एकेक कायदा बदलत गेला.

येथून पुढे 'बेळगाव की पुणे' या प्रश्नाचे रूप पालटले. पुण्यास गेलेला मुलगा तेथेच सनद घेई, तेथेच बिऱ्हाड करी. आपल्या माणसांनी त्याचा अभिमान बाळगला व तो योग्यच होता. मात्र गावाकडे राहिलेल्या शेतकऱ्याच्या वाटणीचा दावा, कुळाचा वाद, सातबाऱ्यावरील चुकीची नोंद हे सारे चालले ते येथील न्यायालयांत. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ ने राज्य शासनाला दिला आहे. महाराष्ट्राने १९९८ च्या अधिसूचनेने मराठी स्वीकारली. कर्नाटकात कन्नड आहे. म्हणून ज्याच्या घरात मराठीखेरीज भाषा नाही, कपाटात आजोबांचे मोडी दस्त आहेत, त्याला मराठी ऐकून घेणारा आणि कन्नडमध्ये बाजू मांडणारा वकील हवा असतो. असा वकील पुण्यात राहून मिळत नाही.

आम्ही भाषिक हक्कांचे काम करतो, म्हणून पुढील वाक्य काहींना खटकेल, तरी लिहितो. सीमाभागातील मराठी वकिलाने कन्नड उत्तम शिकलीच पाहिजे. ती शरणागती नव्हे. अनुच्छेद ३५०, ३५० क, ३५० ख यांनी भाषिक अल्पसंख्याकांना जे दिले आहे, ते मागावयाचे तर ज्या कार्यालयाशी भांडावयाचे त्याची भाषा यावी लागते. मराठीचा अभिमान आणि कन्नडचे ज्ञान यांत वैर आहे असे मानणे आपल्याच अशिलांना महाग पडले आहे.

महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल काय लागेल, ते न्यायालय ठरवील. तोवर आपल्या मुलांनी काय करावे? आता भिंती पूर्वीइतक्या उंच नाहीत. देशभर वकिली करण्याचा हक्क देणारे अधिवक्ता कायद्याचे कलम ३० हे १५ जून २०११ पासून लागू आहे. धारवाडला २००८ पासून कर्नाटक उच्च न्यायालयाचे पीठ बसते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. बेळगावचा वकील आज या दोन्ही ठिकाणी सकाळी जाऊन रात्री घरी परतू शकतो. १९५६ नंतरच्या पिढीला हे लाभले नव्हते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे इतकेच : पुण्याची निवड करा अथवा बेळगावची, दोन्ही संस्था जुन्या व नामांकित आहेत. पुण्यास पाठवाल, तर मुलाचे कन्नड सुटू देऊ नका व परतीची वाट मोकळी ठेवा. बेळगावात ठेवाल, तर मराठीतील कायद्याचे वाचन आणि मोडीची ओळख घरी करून द्या. पदवीच्या कागदावर कोणत्या शहराचे नाव आहे, हे गावचा शेतकरी विचारणार नाही. आपले म्हणणे न्यायाधीशापुढे नीट मांडले गेले का, एवढेच तो पाहील.